माझ्या आवाजातलं चूर्ण

१२ जाने., सोम. अमरावती
सकाळी भातकुलीहून मावशीचा फोन. "तुह्या चूर्णानं बरं वाटून राहिलं वो. शुगरच्या गोया बंद केल्या म्या."
कोणतं चूर्ण? तर म्हणे, मोबाइलवर तूच त सांगून राहिली.
मी नाटकात कामं करते; दोन वर्षांपूर्वी अकोल्यात गुडघ्याच्या तेलाची जाहिरात केली. तेवढीच. म्हटलं, मावशी, गोळ्या आजच्या आज चालू कर. "बरं," म्हणाली.
मग ती चूर्णाची जाहिरात शोधून पाहिली. मीच. तीच हिरवी साडी, आवाज माझा, ओठही बरोबर हलतात. बोलणं माझं नाही.

१३ जाने.
राजूभाऊंना फोन. तेलाच्या जाहिरातीचं काम त्यांनीच आणलं होतं. "ताई, आता कॉम्प्युटरवर आवाज बनवतेत. तुमाले बोलवाची गरजच नाई पडत." मग म्हणे, नाव तं होऊन राहिलं न तुमचं.

१५ जाने., गुरु. अकोला
एसटीनं गेले. तेलाच्या कंपनीचा मॅनेजर सभ्य. चहा दिला, करार काढला. पान चौथं : चेहरा आणि आवाज, कोणत्याही उत्पादनासाठी, कायमचा. खाली माझी सही.
शूटिंगचा दिवस आठवला. अंबाडा बांधून घेत होते, बाहेरून ओरडा, ऊन उतरतंय, लवकर करा. दोन पानांचे संवाद तासाभरात पाठ केले होते. ही चार पानं वाचली नाहीत.
"मॅडम, गोळ्या सोडा असं आम्ही कुठं म्हटलं? गोळ्यांना रामराम म्हटलं."
कप ठेवून निघाले.

१७ जाने., शनि.
वकील म्हणाले, केस करता येईल. वर्षं जातील. तोवर जाहिरात थांबेलच असं नाही.
सरकारी कार्यालयात तक्रार दिली, पोच घेतली. माझ्या पेजवर स्वतःचा व्हिडिओही टाकला : ती मी नव्हे, गोळ्या सोडू नका. खाली पहिलंच कोणीतरी लिहिलं, नवी जाहिरात का ताई?

१९ जाने., सोम.
मावशीला काल सरकारी दवाखान्यात आणलं. पायाची जखम चिघळली, साखर खूप वाढलेली. डॉक्टर म्हणतात, अंगठा कदाचित काढावा लागेल.
गोळ्या चालू केल्याच नव्हत्या. मी सांगितलं होतं ना, म्हटलं. "फोनवर तू नाई म्हणत होती. त्या जाहिरातीत हो म्हणत होती. तिथं कशी ठासून बोलत होती तू."
ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझा हात धरून पडून राहिली.

२१ जाने., बुध.
वरूडहून एका बाईचा फोन. माझ्या पेजवर कार्यक्रमांसाठी नंबर दिलाय, तिथून घेतला. नवऱ्याला शुगर. "ताई, घरच्याईले चूर्ण जेवणाआधी देऊ का मागून?"
देऊच नका, म्हटलं. डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवा. "तुमी त्याच न?"
हो म्हटलं.
"आवाज जरा येगळाच वाटून राहिला." फोन ठेवला.
घरात हे म्हणतात, नंबर काढून टाक. काढला तर नाटकाचं काम कोण विचारणार? आणि अशा बायका तरी कोणाला विचारणार? पण विचारूनही काय.
त्या वरूडच्या बाईला दुपारपासून तीनदा फोन लावला. उचलत नाही.