एक हातमोजा

एडमंटन, कॅनडा, मंगळवार, संध्याकाळ

गर्भपातविरोधी मोर्चे सोडून गरोदर मुलींच्या मदत केंद्रात जायला लागले, ते कुणाचा तरी हात धरता यावा म्हणून. आज पहिल्यांदाच एक मराठी मुलगी आली. कॉलेजमधली, एकटी, रडवेली. हातमोजे काढून बसली. आणि मी काय विचारलं? "कुठली गं तू? आडनाव काय?" सवयीनं! तिचा चेहराच उतरला. "काकू, तुम्ही महाराष्ट्र मंडळात असता ना? प्लीज, घरी कळेल," म्हणाली आणि पळाली. एक हातमोजा राहिला. मागे धावले, तर बस सुटलेली. नाव नाही, फोन नाही. कुठे शोधू तिला? बाहेर उणे पंचवीस. हातमोजा माझ्या मांडीवर पडलाय. जो हात धरायला गेले, तोच थंडीत उघडा पाडला मी.