पोत्यावर बसल्याचा मेमो

बाबा,

कळमेश्वरच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंगला होतात आणि मी तिथेच नवा सुपरवायझर लागलो होतो. नंदनवनच्या घरून आपण एकाच गाडीवर जायचो, पण गेटच्या अलीकडेच तुम्ही उतरायचात, पोराचा मान राहावा म्हणून. मला ते बरं वाटायचं, हे आधीच लिहून टाकतो. त्या वर्षी तुम्ही सारखे बसायला लागलात. पोतं उचलताना दोनदा थांबायचात, चेहरा पांढराफटक, घरी आलात की लगेच आडवे. शुगर बारा वर्षांपासून होती. गोळ्या चालू आहेत म्हणून आम्ही निर्धास्त. आई म्हणाली, एकदा रक्त तपासून आण. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी विषय संपवला. मग एका दुपारी मोठे साहेब फेरीवर आले, आणि तुम्ही पोत्यावर बसलेले, भिंतीला डोकं टेकून. साहेब काही बोलायच्या आत मीच पुढे झालो. सगळ्यांसमोर म्हणालो, "झोप काढायची असेल तर घरी राहा." तुम्ही भिंत धरून उठलात. "झोपलो नाही गा," हळूच म्हणालात, "मले दम लागून राहिला." मी मेमो लिहिला. तुम्ही सही केलीत, आणि सुटल्यावर नेहमीसारखे गेटपासून लांब जाऊन गाडीची वाट बघत उभे राहिलात.

महिन्याभरात तुम्ही जिन्यात कोसळलात. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. सदर भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शुगरने किडन्या खराब झाल्यात, आणि रक्त बनवायचा निरोप शरीराला किडन्याच देतात. तोच जाईनासा झाला होता. बरेच महिने धाप लागत असणार, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मीच कोणाले सांगितलं नाही, डॉक्टरसाहेब." पुढे दीड वर्ष डायलिसिसला मी तुमच्या शेजारी बसलो. क्रिकेटचं बोललो, पावसापाण्याचं बोललो. माफी मागितली नाही.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आता मलाही शुगर निघाली आहे. परवा तपासणीआधी एक फॉर्म भरायचा होता. घरात कोणाला किडनीचा आजार होता का, असा एक प्रश्न होता. शेजारी कोणी नव्हतं, तरी मी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, वडिलांना सुरुवातीला काय त्रास व्हायचा. दुसऱ्या दिवशी जाऊन ते बदलून यायचं ठरवलं होतं. अजून गेलेलो नाही.