तहानलेल्या कालवडीचे कुरण

मी, उल्वची मुलगी अर्नगुन, करड्या खाडीवरच्या शेतघराची मालकीण. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही आणि आज बिअरला शिवलेलेही नाही. मी सांगते आणि कोल्मन लिहितो, कारण या खाडीवर अक्षर त्या एकट्यालाच येते.

१. कोल्मनला माझ्या नवऱ्याने लुटीच्या सफरीत आयर्लंडच्या एका मठातून उचलून आणले. पुढच्या सफरीत नवरा बुडाला, कोल्मन मात्र बत्तीस वर्षे आमचे शेण काढत राहिला. तो आजपासून मुक्त आहे. "बाई, जरा उशीरच झाला," म्हणाला. तेही लिही म्हटले.

२. घर, होडी, मेंढ्या आणि बापाची तलवार माझा मुलगा ग्रिम याला. तलवारीला तेल लावावे, तिला घेऊन समुद्रावर जाऊ नये. लोखंडी कढई सुनेला. पाहुण्यांसमोर तिने माझ्या दह्याला नावे ठेवली होती, ते मी विसरलेले नाही. तरी कढई तिलाच.

३. नदीकाठचे खालचे कुरण शेजारच्या हाल्वेगला, म्हणजे आता मातीच्या ढिगाखाली निजलेल्या ल्योतुनच्या मुलीला.

इथे ग्रिम ओरडला, "आई, वेड लागलंय का तुला? हिवाळ्याचा सगळा चारा तिथलाच!"

वारसाने संमतीची खूण केली नसेल तर असे दान टिकत नाही, हा आमचा कायदा. म्हणून कारण सांगणे भाग आहे.

ल्योतुन आणि मी एकाच जहाजातून इथे उतरलो, दोघीही विधवा. तिच्या कडेवर हाल्वेग, माझ्या पोटात ग्रिम. बाईला जमीन हवी असेल तर तिने वसंतातल्या एका दिवसात, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, दोन वर्षांची कालवड दोरीने चालवावी. त्या फेऱ्यात येईल ती जमीन तिची, अशी रीत. दोघींनी एकाच सकाळी निघायचे ठरले. खालचे कुरण दोघींच्याही डोळ्यांत भरले होते.

आदल्या संध्याकाळी मी तिच्या कालवडीला सुका मासा चारला, वर शेवाळ जाळून काढलेले मीठ मूठभर चोळून. दुसऱ्या दिवशी ती कालवड ओढा दिसला की थांबे. ल्योतुन ओढून ओढून रडकुंडीला आली. कुरण मला मिळाले, तिला दगड. लोक तिला 'तहानलेली' म्हणू लागले. भूमीच्या रक्षक आत्म्यांनीच तिला नाकारले, असे बोलले जाई, आणि मी तोंड वर करून मान डोलावत असे. मी तिचा केसाने गळा कापला.

४. हाल्वेगला यापुढे कोणी 'तहानलेलीची पोर' म्हणू नये. नाव ठेवायचेच तर मला 'खारट अर्नगुन' म्हणावे, आणि ते सभेत मोठ्याने सांगावे.

५. हे ग्रिमसाठी. त्या पहिल्या हिवाळ्यात माझी कालवड मेली, माझे दूध आटले. ल्योतुनची व्याली. वसंत येईपर्यंत ती रोज बर्फ तुडवत दुधाचे मडके आणून देई. ग्रिम, तू त्याच कालवडीच्या दुधावर जगलास.

गेल्या शरदात ल्योतुन अंथरुणाला खिळली, तेव्हा मी सगळे सांगायला गेले. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "अगं, पहिल्याच ओढ्यावर कालवडीच्या दातात माशाचा काटा दिसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पोटुशी होतीस गं. आणि कुठे जाणार होतीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अजून तसेच आहे.

हे करड्या खाडीवर, आम्ही इथे उतरलो त्याच्या तेहतिसाव्या वर्षी, गवत घरात आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

खूण: अर्नगुन.

साक्षीदार:
कोल्मन, मुक्त माणूस. स्वतःच्या हाताने सही.
ग्रिम, मुलगा. तिसऱ्या कलमाला उठून बाहेर गेला होता. पाचवे दाराआडून ऐकले, आत आला आणि खूण केली.