नारिंगी पट्टी

सोमवार, ४ मार्च

धाकट्या जावेनं आज डबासुद्धा माझ्याशेजारी उघडला नाही. का, तर तिच्या बंडलला मी नारिंगी पट्टी बांधली! कॉलर वाकडी होती – बांधू नको तर काय करू? कारखान्याच्या शिलाईखात्यात मी तपासनीस. चुकलेला माल असो की बिघडलेलं मशीन, पट्टी बांधायची, मग ते दुरुस्त व्हायचं. साहेबांचा नियम. पण बायकांना पट्टी म्हणजे नाचक्की. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

बुधवार, ६ मार्च

एका मशीनची मोटार जळाली. खातंभर धूर. पुढच्या दाराशी ही रेटारेटी! धाकटी शेवटच्या मशीनवर, मागच्या दाराला खेटून. सातवा महिना. त्या दाराला कायम कुलूप – कापड चोरीला जातं म्हणून! बिचारी दोन्ही हातांनी दार बडवत होती.

धूर विरला. घरी येताना धाकटीनं रुसवा विसरून माझा हात धरला. "जाऊबाई, खरंच आग लागली असती तर?"



गुरुवार, ७ मार्च

मागच्या दाराच्या कडीला नारिंगी पट्टी! खात्यातल्या त्या खट्याळ चष्मेवालीचं काम, दुसरं कुणाचं? "ताई, दारात दोष आहे, तपासा की!" सगळ्या खो खो हसल्या.

खरी गंमत पुढेच. मिस्त्री आला, पट्टी बघितली, कुलूप तोडून मोकळा! पट्टी दिसली की दुरुस्त करायचं, एवढंच त्याला ठाऊक. साहेबांचा नुसता तीळपापड. संध्याकाळी नवं कुलूप – पहिल्याहून मोठं.

शनिवार, ९ मार्च

आत शिरले आणि जागीच थबकले. प्रत्येकीच्या मनगटाला नारिंगी पट्टी, मागच्या दाराला होती तशीच!

घोषणा नाही, आरडाओरडा नाही. मशीनं चालू होती आणि रांगेमागून रांग ते हात पुढे-मागे होत होते. अंगावर सर्रकन काटा आला. चिंध्यांच्या पेटीतलंच कापड की हे! मीच फाडलेलं. परवापर्यंत याच पट्टीला बघून तोंडं फिरवत होत्या. मग हे तेज आलं कुठून?

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी माझ्या हातात कात्री दिली. "सगळ्यांच्या पट्ट्या काप. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पहिल्या रांगेपासून निघाले. एकेक जण मुकाट मनगट पुढे करी. शिव्या तरी द्यायच्या! एकही पट्टी कापवली नाही. चालत चालत धाकटीपाशी पोचले. तिनं मनगट पुढे केलं नाही. शेजारच्या चिंध्यांच्या पेटीतली एक पट्टी उचलली आणि माझ्याच हाताला बांधली. मला रडू फुटलं, भर खात्यात!

कात्री साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. नोकरी गेली तर गेली.

मंगळवार, १२ मार्च

नोकरी आहे! सकाळी एकीनंही मशीन सुरू केलं नाही. सगळ्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, मीही. दुपारी साहेबांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. धाकटी सगळ्यांच्या आधी बाहेर पाऊल टाकून आली. मग आम्ही आळीपाळीनं. वेड्यासारख्या आत-बाहेर करत होतो!

गुरुवार, १४ मार्च

चष्मेवालीनं शिवलेल्या शर्टाची बाही उलटी निघाली. पट्टी घेतली, पण हात पुढे होईना. सगळ्या शिवायच्या थांबल्या. "ताई," ती हळूच म्हणाली, "ही नको. तुम्ही नुसतं रागवा."

पट्टी परत ठेवली. चुकीसाठी आता दुसरं काहीतरी शोधायला हवं.