सरांची स्पिरिटची बाटली

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? वॉर्डाची सिस्टर झालीस म्हणून दिवसभर उभंच राहायला हवं असं नाही. इकडे सगळे ठीक, म्हणजे धड कोणीच नाही, पण तुझ्या वॉर्डात येण्याइतकं आजारीही कोणी नाही. आमचे सर सोडून.

खिडकीशेजारच्या खाटेवर मास्क लावूनही सगळ्यांना सूचना देणारे म्हातारे, ते हेच. माणसाने उभी हयात कार्बन डायऑक्साइडच्या मागे घालवली, आणि आता फुप्फुसं तो बाहेर टाकेनात म्हणून तोच त्यांच्या मागे लागलाय. आमचं काम तुला कितीदा सांगितलं (आणि तू कितीदा नुसतं "बरं" म्हणालीस), तरी पुन्हा सांगते. हा वायू पाण्यात सोडायचा, त्यात तांब्याचा पत्रा बुडवून वीज द्यायची. तांबं स्वतः झिजत नाही, लग्न जुळवणाऱ्या आत्यासारखं नुसतं मध्ये पडतं, आणि वायूचं अल्कोहोल होतं. (भावोजींनी लगेच विचारलं, पिता येतं का. मुंगीलासुद्धा चढलं नसतं एवढंसं होतं.) पण आलं होतं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्याच आठवड्यात अंथरूण धरलं.

आता पुढची रड ऐक. खात्री करायची म्हणून मी तो वायू बंद करून नुसता नायट्रोजन सोडला. म्हणजे भांड्यात ज्याचं अल्कोहोल व्हावं असं काहीच नाही. शून्य यायला हवं होतं, तरी आलं, अगदी तेवढंच. पत्रा बदलला, पाणी बदललं, अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्राला शिव्या घातल्या (आईला सांगू नकोस). शेवटी लक्ष गेलं माझ्याच हातांकडे. प्रयोगाआधी काचेचं भांडं स्पिरिटने विसळायचं आणि दोनदा झटकायचं, ही सरांची शिस्त. इथे आलेला प्रत्येकजण पहिल्या दिवशी हेच शिकतो. आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच की. ज्याच्यासाठी चहा प्यायलो ते सरांच्या बाटलीतलं होतं. मला आधी हसू आलं, मग तिथेच स्टुलावर बसून रडले.

तुझी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण हे. माझा काही निरोप आहे का असं सर रोज विचारत असतील. त्यांना सांग, नुसत्या नायट्रोजनवर शून्य आलं. अर्थ विचारू नकोस, फक्त चेहरा सरळ ठेव. सुखाने जाऊ दे त्यांना.

ता. क. २. वरचं काही सांगू नकोस. पाकीट चिकटवणार तोच त्यांचा फोन आला आणि मीच बोलून बसले, शून्य आलं म्हणून. मास्क बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "यंत्र कधी शून्य दाखवतं का गं? काहीतरी येतंच. खोटं बोलतेस. स्पिरिट ना? साध्या पाण्याने धू आणि प्रयोग पुन्हा लाव." आणि हसले. तेव्हाच तू फोन काढून घेतलास आणि मला विचारलंस की असं काय सांगितलंस, किती दिवसांनी हसले. ते हे. मी भांडी धुवायला घेतली आहेत. निकाल यायला आठवडा तरी लागेल. तेवढा आठवडा त्यांना सांभाळ, मावशी.