खडूची रेघ

१२ सप्टेंबर
शतपथी सर महिनाअखेर निवृत्त होणार. आणि मी अजून काहीच केलेलं नाही!

माझा मुलगा पिताबास याच कॉलेजात इंजिनिअर व्हायचा होता. सरांच्या पेपरात ताण सोसणाऱ्या पोलादी पट्टीचं गणित होतं – बोल्टसाठी पाडलेल्या भोकांची रुंदी वजा करायला विसरला. बाकी सगळं बरोबर. मी सातवी शिकलेला, त्यांच्याच लॅबमधला हेल्पर. त्यांच्या दारात हात जोडून उभा राहिलो. म्हणाले, "उदयभाई, पूल पडून मेलेल्यांना अर्धे मार्क मिळतात का?"

शून्य दिलं. पोरगं नापास झालं, कॉलेज सोडून सुरतेला गेलं. आज तिथं कापडाच्या मागावर उभं असतं.

१४ सप्टेंबर
आमच्या राउरकेल्यात विश्वकर्मा पूजेला कुठलंच यंत्र चालत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधली पहिली पट्टी सर पोरांसमोर ताणून तोडतात. आधी भोकांच्या ओळीवरून खडूनं रेघ ओढतात – "लोखंड इथं सगळ्यात कमी. इथंच तुटेल." तुटतेही तिथंच. टाळ्या.

यंदाचा त्यांचा शेवटचा वर्ग. पट्टीला भोकं मी पाडतो.

१५ सप्टेंबर
पाडली. टोकाच्या अगदी जवळ. आता रेघेवर तुटणार नाही, टोकाचाच लचका निघेल.

पण यंत्राला काही झालं तर? माझी पेन्शन अडकली तर? बायको कुंतला म्हणाली, "पाण्यातला गार पखाळ-भात खाताय, आणि घाम कसला फुटतोय?"

१७ सप्टेंबर
यंत्राला शेंदूर लावला. देवाकडे असलं मागू नये. मागितलं.

१८ सप्टेंबर
सरांनी पट्टी उचलली. टोकावरून अंगठा फिरवला. मग खडू घेतला. रेघ ओढली, नेहमीच्याच जागी. काटा चढत गेला, आणि कडाड! बोल्टमागचा लचका फाटून बाहेर. रेघ जशीच्या तशी.

मागून एक पोरगा म्हणाला, "सरांच्या आधी रेघच रिटायर झाली." सगळा वर्ग हसला. नवे विभागप्रमुखही तोंडावर रुमाल धरून हसले.

सर बोटांचा खडू पुसत राहिले. "चुकलो," म्हणाले. "का चुकलो, ते उद्या लिहून आणा."

चुकलो! त्यांच्या तोंडून! घरी येऊन पोटभर जेवलो. कुंतला बघतच राहिली. पिताबासला फोन करून सांगावंसं वाटतंय. सरांनाही शून्य मिळालं म्हणावं, भर वर्गात.

१९ सप्टेंबर
सर दारात आले. फाटका तुकडा ओट्यावर ठेवला. "भोकं टोकाला आलीत, हे हात लावताच कळलं होतं, उदयभाई. तरी रेघ तिथंच ओढली. पिताबासचं फिटलं का?"

चहाला थांबले नाहीत.

नाही फिटलं. सूडसुद्धा त्यांनीच वाढला, आणि मी पोटभर जेवलो.