सोनूबाईचे पाणी

रत्नागिरी, ऑक्टोबर १९२९

भावोजींना सगुणाचा प्रभूमध्ये सलाम.

आपल्या दोन्ही ख्रिस्ती मंडळ्यांनी एक होऊन खेड्यांत सुवार्ता सांगायची, असे तुम्ही पाळकांनी ठरवले तेव्हा मला फार आनंद झाला. तुमचे भाऊ असते तर नाचलेच असते. ते गेल्यापासून त्यांची गावे मीच फिरते, हे तुम्ही जाणताच.

त्या फिरण्यातूनच महारवाड्यातली सोनूबाई आपल्याकडे आली. बाप्तिस्मा घेणार म्हटल्यावर तिच्या दिराने तिला घराबाहेर काढले. पावसाळाभर ती माझ्याकडे राहिली आणि पावसाळाभर तुमची सभा वाद घालत राहिली. तुम्ही म्हणता, डोक्यावर पाणी शिंपडू. दुसरे पाळक म्हणतात, नदीत बुडवल्याशिवाय आम्ही तो बाप्तिस्मा मानणार नाही. काम एकत्र, म्हणून कोणी एकट्याने बाप्तिस्मा द्यायचा नाही. आणि दोघांना मिळून देता येत नाही!

काल तिने विचारले, "बाय, माजा काय ठरला?"

मी खरे ते सांगितले. ती हसली.

"गावात आमचा पानवठा येगळा, म्हनून तुमच्याकडं आले. तुमच्यात पन पानी येगळाच काय?"

गाठोडे उचलून ती त्याच दिराच्या दारी परत गेली.

येत्या रविवारी दोन्ही मंडळ्या जमणार आणि या ऐक्याबद्दल उपकारस्तुतीची प्रार्थना मी करावी, असा तुमचा निरोप आला आहे. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण तुम्ही दुरावलात तर मला आता कोणी उरणार नाही. रविवारी मी येईन. पण प्रार्थनेसाठी माझे नाव पुकारलेत, तर मी उठणार नाही.

तुमच्या भावाच्या माघारी राहिलेली,
सगुणा